पंचवीस मैलांचा कायदा

श्रोतेहो, शाळा काढणे कठीण आणि ती चालवणे त्याहून कठीण, हे आपल्यातल्या शिक्षकमंडळींना मी सांगायला नको. पण समजा, शाळा बरी चालली आहे, मुले लांबलांबून येत आहेत, गावालाही तिची सवय झाली आहे, आणि एके दिवशी राजधानीहून कायदा येतो : ज्या कामासाठी तुम्ही ही शाळा काढलीत, ते काम म्हणजे आजपासून गुन्हा. अशा वेळी शाळेच्या प्रमुखाने काय करावे? कायदा मोडावा? कोर्टात जावे? की मान खाली घालून, उरलेली मुले सांभाळीत बसावे?

हा प्रश्न मी मनाने रचलेला नाही. अमेरिकेतील केंटकी राज्याच्या विधिमंडळाने 2025 साली एक कायदा केला. सरकारी विद्यापीठांत विविधता, समानता आणि समावेश या नावाने चालणारी कार्यालये बंद करावीत, त्यांवर पैसा खर्च करू नये, असा त्याचा आशय. राज्यपालांनी तो नाकारला होता, पण विधिमंडळाने त्यांचा नकार बाजूला सारला. टेक्सास राज्यात असा कायदा त्याआधीच, 2023 साली, झाला होता. ही बातमी वाचताना मला केंटकीतलाच एक जुना कायदा आठवला. दोन्ही कायदे एकच, असे मी म्हणणार नाही. जुना कायदा फार उघडा आणि फार क्रूर होता. पण त्याच्यापुढे एका कॉलेजाने काय केले, काय करायचे राहिले, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

केंटकीच्या पूर्वेला अ‍ॅपलाचियन डोंगर आणि मध्यभागी घोड्यांची कुरणे व तंबाखूची शेते. डोंगर जिथे सुरू होतात तिथे बेरिया नावाचे छोटे गाव आहे. 1855 साली जॉन फी नावाच्या एका पाद्र्याने तिथे एका खोलीची शाळा काढली. फी हा गुलाम बाळगणाऱ्या घरातला. गुलामगिरी हे पाप आहे असे तो उघड बोलू लागला, तेव्हा बापाने त्याला वारसा नाकारला. जमीन दिली कॅशियस क्ले या जमीनदाराने. चार वर्षे शाळा कशीबशी चालली. 1859 साली जॉन ब्राउनच्या उठावाने सारा दक्षिण भाग हादरला, आणि आसपासची हत्यारबंद माणसे बेरियाच्या दारात उभी राहिली. दहा दिवसांत राज्य सोडा, असे त्यांनी बजावले. फी, शिक्षक, त्यांची बायकामुले, सगळ्यांना ऐन हिवाळ्यात घर सोडावे लागले.

पुढे यादवी युद्ध पेटले. केंटकीत कॅम्प नेल्सन म्हणून लष्करी तळ होता. गुलामगिरीतून निसटलेले हजारो काळे तरुण तिथे फौजेत भरती होत होते. फी तिथे गेला आणि त्यांना लिहायला-वाचायला शिकवू लागला. तिथला एक प्रसंग ऐका. बेल मिचेल नावाच्या एका काळ्या तरुणीला त्याने शिक्षिका म्हणून आणले आणि जेवणाच्या खोलीत इतर शिक्षकांच्याच टेबलाशी बसवले. गोरी मंडळी उठून गेली. श्रोतेहो, पंगतीतून उठून जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून द्यायला नको! फी हटला नाही. बेल मिचेल तिथेच जेवली. पण पुढे फी काही दिवस तळाबाहेर गेला, आणि त्याची पाठ वळताच त्या मुलीला तिथून काढून टाकण्यात आले. एका माणसाच्या भरवशावर चाललेले काम किती टिकते, याचा हा पहिला धडा. या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

युद्ध संपल्यावर फी बेरियाला परतला. 1866 साली शाळा पुन्हा उघडली आणि काळी मुले वर्गात येऊन बसली. त्या दिवशी निम्मे गोरे विद्यार्थी उठून गेले. काही पुढे परत आले, काही कधीच आले नाहीत. पण शाळा बंद पडली नाही. फीने काळ्या शिपायांची कुटुंबे बेरियात आणून वसवली, आणि वसवताना एक युक्ती केली. काळ्यांची वस्ती एका टोकाला आणि गोऱ्यांची दुसऱ्या टोकाला असे होऊ दिले नाही. एकाआड एक जमिनीचे तुकडे वाटले, शेजारी शेजारी घरे उठवली. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या साध्या युक्तीचे मोल कळेल.

लवकरच शाळेचे कॉलेज झाले. पुढली पंचवीसेक वर्षे तिथे काळे विद्यार्थी निम्मे किंवा निम्म्याहून थोडे जास्तच असत. ज्युलिया ब्रिटन नावाची एक काळी तरुणी तिथे शिकली आणि तिथेच गोऱ्या मुलांनाही संगीत शिकवू लागली; ही 1870 च्या आसपासची गोष्ट. आपल्याकडे याच काळात जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि काळ्यांना दास्यातून मोकळे करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते अर्पण केले. बेरियाचे नाव जोतीरावांच्या कानावर गेले होते की नाही कोण जाणे, पण ज्या माणसांना उद्देशून ती अर्पणपत्रिका लिहिली, त्यांत फीसारखी माणसे बसतात यात मला शंका नाही.

या कॉलेजात कोण येत होते? जेम्स बाँड हे एक नाव घेतो. हा मुलगा गुलामगिरीत जन्मलेला. त्याच्या घराण्यात सांगतात ती गोष्ट अशी : पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला, अक्षरओळख जेमतेम, फी भरायला पैसा नाही. घरात एक खोंड होते. त्याच्या गळ्यात दोर बांधला आणि खोंडाला घेऊन शंभर मैल चालत तो बेरियाला गेला. ते खोंड हीच त्याची फी. 1892 साली तो पदवीधर झाला आणि पुढे पाद्री झाला. त्याचे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच 1892 साली कॉलेजाला नवे अध्यक्ष आले, विल्यम फ्रॉस्ट. ग्रीक भाषेचे प्राध्यापक, मोठे उद्योगी आणि पैसा गोळा करण्यात हुशार. त्यांनी कॉलेज नावारूपाला आणले, विद्यार्थी कित्येक पटींनी वाढवले. सगळ्यांनी हातांनी काम करून शिकायचे ही तिथली शिस्त त्यांच्या काळात घट्ट झाली. आपल्याकडे ‘कमवा आणि शिका’ म्हणतात तीच. पण फ्रॉस्टसाहेबांची नजर लागली होती डोंगराकडे. डोंगरातले गोरे लोक अतिशय गरीब, शाळा नाहीत, रस्ते नाहीत. त्यांच्यासाठी उत्तरेकडचे धनिक हात सैल सोडीत. ही गरज खोटी नव्हती. मात्र गोरे विद्यार्थी वाढत गेले आणि काळ्यांची संख्या होती तिथेच राहिली, किंबहुना घटली. 1904 पर्यंत दर सहा विद्यार्थ्यांत एक काळा, असे प्रमाण उरले. जेम्स हॅथवे हे काळे माजी विद्यार्थी तिथे शिकवीत होते. त्यांना पूर्ण प्राध्यापकपद द्यावे अशी काळ्या माजी विद्यार्थ्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि हॅथवे बेरिया सोडून गेले. म्हाताऱ्या फीलाही हा नवा वारा रुचला नव्हता. 1901 साली तो वारला. एका अर्थी बरे झाले म्हणायचे, कारण पुढचे त्याला पाहावे लागले नाही.

1904 च्या जानेवारीत कार्ल डे नावाच्या आमदाराने केंटकीच्या विधिमंडळात विधेयक आणले. काळ्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणारी शाळा किंवा कॉलेज चालवायला बंदी, हा त्याचा गाभा. साऱ्या राज्यात असे कॉलेज एकच होते, बेरिया. तेव्हा कायदा कुणासाठी चालला आहे हे नाव न घेताही सगळ्यांना कळत होते. संस्थेला एक हजार डॉलर दंड, आणि त्यानंतरही चालू ठेवली तर रोज शंभर डॉलर. शिकवणाऱ्याला हजार डॉलर. आणि वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही दररोज पन्नास डॉलर! शिकायला बसले म्हणून पोराला दंड, असा कायदा जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. यावर कडी म्हणजे शेवटचे कलम : संस्थेला काळ्यांसाठी वेगळी शाखा काढायचीच असेल, तर ती मूळ जागेपासून निदान पंचवीस मैल दूर हवी. पंचवीस मैल म्हणजे बैलगाडीचा सबंध दिवसाचा रस्ता. एका आवारात वेगळे वर्ग चालवू, दोन इमारती बांधू, ही पळवाटसुद्धा बुजवून टाकली.

फ्रॉस्ट यांनी राजधानी फ्रँकफर्टला जाऊन विरोध केला. उपयोग झाला नाही. मोठ्या बहुमताने कायदा मंजूर झाला आणि त्या उन्हाळ्यापासून अमलात आला.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1903 साली, कार्टर वुडसन नावाच्या एका तरुणाने बेरियाची पदवी घेतली होती. आईबाप पूर्वी गुलाम, स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला. याच वुडसनने पुढे 1912 साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि 1926 साली काळ्या लोकांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज अमेरिकेत फेब्रुवारी महिनाभर तो इतिहास शाळाशाळांतून सांगतात, त्याचे मूळ तिथे आहे. वर्षभर उशीर झाला असता तर या माणसालाही बेरियाच्या फाटकातून परत फिरावे लागले असते.

आता कॉलेजाने काय केले ते पाहू.

पहिली गोष्ट, जी मुले शिकत होती त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. टेनेसीतील फिस्क आणि दुसऱ्या काही कॉलेजांत त्यांची सोय लावली आणि प्रवासखर्च कॉलेजाने सोसला. राहिलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांनीही आपल्या गेलेल्या सोबत्यांना पत्र पाठवून दुःख व्यक्त केले. तुमचा काही दोष नसताना तुम्हाला जावे लागले, असे त्यांनी कळवले. दुसरी गोष्ट, कायद्याला कोर्टात आव्हान द्यायचे ठरले. बेरियावर खटला झाला, हजार डॉलर दंड झाला, कॉलेज अपिलात गेले. 1906 साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने पंचवीस मैलांचे कलम तेवढे अवाजवी म्हणून रद्द केले, पण बाकीचा कायदा उचलून धरला. मग वॉशिंग्टनचे सर्वोच्च न्यायालय.

तिथे 9 नोव्हेंबर 1908 रोजी निकाल लागला, तो बेरियाच्या विरुद्ध. न्यायमूर्ती ब्रूअर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यांचे म्हणणे साधारण असे : कॉलेज ही राज्याच्या सनदेने जन्मलेली संस्था, ज्याने सनद दिली तो तिच्या अधिकारात काटछाटही करू शकतो. माणसामाणसांनी एकत्र शिकावे की नाही, या मूळ प्रश्नाला त्यांनी हातच लावला नाही. श्रोतेहो, कोर्टाची भाषा कधी कधी अशी असते, की दाराला कुलूप लागते पण चर्चा होते ती फक्त किल्लीची. नऊ न्यायमूर्तींपैकी दोघांनी विरोध नोंदवला. त्यांतले जॉन हार्लन स्वतः केंटकीचे, आणि गुलाम बाळगणाऱ्या घरातले. त्यांनी विचारले, की आज कॉलेजात एकत्र बसण्यावर बंदी घालता, उद्या एका देवळात एकत्र प्रार्थना करण्यावर सरकार बंदी घालू लागले तर? दुसरे विरोधी न्यायमूर्ती विल्यम डे. ज्या कायद्याला ‘डे कायदा’ म्हणत, त्याच्याविरुद्ध उभे राहिले ते दुसरे डे, हा योगायोग.

तिसरा मार्ग राहिला होता, वेगळी संस्था काढण्याचा. आणि इथे मला वाटते, या हकीकतीतला सगळ्यात अवघड प्रश्न उभा राहतो. दोनच गट एकत्र राहू शकत नाहीत, असे ठरल्यावर जुनी जागा, जुन्या इमारती, कॉलेजाचे नाव कुणाकडे राहावे? विश्वस्तांनी ठरवले, बेरिया गोऱ्या विद्यार्थ्यांकडे राहील आणि काळ्यांसाठी दुसरीकडे नवी शाळा उभारू. गोरे विद्यार्थी संख्येने कितीतरी जास्त होते, हे त्यांचे कारण. पण ते जास्त का झाले होते? आधीच्या बारा वर्षांत काय घडत होते म्हणून? काळ्या माजी विद्यार्थ्यांच्या मनात हे सलत राहिले. कायद्याने फाटक बंद केले हे खरे. पण फाटक आधीच अर्धे लोटलेले होते. फ्रॉस्ट यांनी कायद्याशी झुंज दिली, पैसा उभारला, नवी शाळा उभी राहीपर्यंत चिकाटी सोडली नाही, हे त्यांचे मोठेपण मला मान्य आहे. पण ज्या संख्येच्या बळावर नंतर निर्णय झाला ती संख्या त्यांच्याच कारकिर्दीत बदलली होती, हेही नोंदवले पाहिजे.

नव्या शाळेसाठी अँड्र्यू कार्नेगी यांनी दोन लाख डॉलर देऊ केले, पण तेवढेच दुसरीकडून जमवा अशी अट घातली. केंटकीतल्या काळ्या लोकांकडून पैसा गोळा करायला निघाला तो आपला जेम्स बाँड, खोंडवाला. ज्या कॉलेजाने त्याला माणसात आणले त्याच्या बंद फाटकाबद्दल मनात काय चालले असेल ते असो, पण तो गावोगाव फिरला, चर्चमध्ये बोलला आणि धुणी-स्वयंपाक करणाऱ्या बायाबापड्यांकडूनही मदत मागितली. लुईव्हिल शहराजवळच्या शेल्बी काउंटीत जागा घेतली, तर तिथल्या गोऱ्या रहिवाशांनी विरोध केला. विधिमंडळाने पुन्हा त्यांच्या सोयीचा कायदा केला. कोर्टाने 1910 साली तो रद्द ठरवला. शेवटी 1912 साली लिंकन इन्स्टिट्यूट सुरू झाली.

पण ते कॉलेज नव्हते. मुख्यतः हायस्कूल आणि हातकामाचे शिक्षण. बेरियात काळ्या विद्यार्थ्याला जी पदवी मिळत होती ती या शाळेत मिळण्यासारखी नव्हती. असे असूनही ज्यांच्या हाती ती शाळा आली त्यांनी तिचे चीज केले. व्हिटनी यंग हे तिथलेच जुने विद्यार्थी. 1935 साली कर्जात बुडालेली शाळा त्यांनी अंगावर घेतली आणि तीस वर्षे चालवली. शाळेच्या आवारात जन्मलेला त्यांचा मुलगा, त्याचेही नाव व्हिटनी यंग, पुढे नॅशनल अर्बन लीगचा प्रमुख होऊन राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार झाला. 1966 साली ही शाळा बंद झाली.

कायदा मात्र हटला तो बेरियामुळे नव्हे. लुईव्हिलच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये लायमन जॉन्सन नावाचे इतिहासाचे एक काळे शिक्षक होते. शिक्षकमंडळींनी हे विशेष ऐकावे. हायस्कुलातला मास्तर, पण त्याने 1948 साली राज्याच्या सरकारी विद्यापीठावर, युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीवर, दावा लावला : मला तुमच्याकडे पुढचे शिक्षण घ्यायचे आहे. विद्यापीठाने तोड काढली, की आमचे प्राध्यापक फ्रँकफर्टच्या काळ्यांच्या कॉलेजात जाऊन तुम्हाला शिकवतील. एका विद्यार्थ्यासाठी प्राध्यापकांनी गाडीतून हेलपाटे घालायचे, पण त्याला आपल्या वर्गात घ्यायचे नाही! संघराज्याच्या न्यायाधीशांनी 1949 च्या मार्चमध्ये हे नामंजूर केले. त्या उन्हाळ्यात जॉन्सनसह सुमारे तीस काळे विद्यार्थी विद्यापीठात दाखल झाले. आवारात क्रूस जाळून त्यांना भेवडावण्याचा प्रयत्न झाला. जॉन्सन यांनी तिथली पदवी पुरी केली नाही. त्यांचा हेतू दार उघडण्याचा होता. तीस वर्षांनी, 1979 साली, त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली.

या निकालानंतर 1950 साली विधिमंडळाने डे कायदा सैल केला. कॉलेजाच्या विश्वस्तांची इच्छा असेल, आणि तोच अभ्यासक्रम फ्रँकफर्टच्या काळ्यांच्या कॉलेजात मिळत नसेल, तर काळ्या विद्यार्थ्यांना घ्यायला मुभा मिळाली. बेरियाने त्याच वर्षी फाटक उघडले. लुईव्हिलच्या काही कॅथलिक कॉलेजांनीही उघडले. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेदच घटनाबाह्य ठरवला, तेव्हा उरलासुरला डे कायदाही निष्प्राण झाला. बेरियात नव्याने आलेल्यांपैकी पहिल्या काळ्या विद्यार्थिनीला त्याच 1954 साली पदवी मिळाली.

बेरियाच्या जुन्या पटावर 1866 पासून काळ्या विद्यार्थ्यांची नावे ओळीने आहेत. 1904 नंतर ती थांबतात. पुढचे नाव 1950 मधले. मधल्या 46 वर्षांच्या पानांवर त्यांच्यापैकी एकही नाव नाही. त्या वर्षांत किती पोरे खोंडाच्या गळ्यात दोर बांधून निघायला तयार होती, आणि ती मग कुठे गेली, हे कुठल्याच पटावर सापडायचे नाही.